सगळंच हृदयाच्या खात्यावर मांडू नका

प्रश्न: आमची मुलगी ७ आठवड्यांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे आणि हृदयात मधोमध मोठं छिद्र आहे, रिपोर्टवर ‘कम्प्लीट एव्हीएसडी’ लिहिलंय. ऑपरेशन चौथ्या महिन्याच्या सुमारास करू म्हणतात. पहिला महिना ती अगदी छान होती. आता दूध पिता पिता झोपून जाते, कपाळावर घाम येतो, आणि गेल्या १० दिवसांत वजन जेमतेम १०० ग्रॅम वाढलं. हृदयाचे, थायरॉईडचे, कानाचे, डोळ्यांचे आणि आमचे बालरोगतज्ज्ञ असे पाच डॉक्टर झाले. प्रत्येक जण आपापलं सांगतो. ऑपरेशनपर्यंत घरी नेमकं काय बघायचं? लसी द्यायच्या की थांबायचं? आणि बाकीच्या तपासण्या ऑपरेशन झाल्यावर केल्या तर चालतील ना?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण गफलत बहुतेक तिथेच होते. नाही, चालणार नाही. बाकीच्या तपासण्या ऑपरेशनच्या आधीच व्हायला हव्यात, आणि त्यातल्या एक-दोन तर याच आठवड्यात.

हृदयाचा आजार हे फार मोठं नाव आहे. ते एकदा बाळाला चिकटलं की पुढची प्रत्येक तक्रार आपोआप त्याच्याच खात्यावर जमा होते. दूध पीत नाही? हृदय. सुस्त आहे? हृदय. शी होत नाही? तेही कसं कोण जाणे, हृदयच. ही चूक पालक करतात तशी आम्हीही करतो. मी केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्या मुलीसारखंच एक बाळ माझ्याकडे होतं. डाऊन सिंड्रोम, हृदयात छिद्र, वजन जागच्या जागी. मी लघवीचं औषध (अंगात साठलेलं पाणी उतरवणारं) वाढवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा वाढवलं. बाळ आणखीच झोपाळू झालं. शेवटी नव्याने रुजू झालेल्या एका डॉक्टरने फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि विचारलं, ‘मॅडम, थायरॉईडचा रिपोर्ट जन्माच्या वेळचा आहे, त्यानंतरचा कुठे आहे?’ नव्हताच. केला तर टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) भलतंच वाढलेलं. थायरॉईडची गोळी कमी मात्रेपासून हळूहळू सुरू केली (हृदयावर ताण असलेल्या बाळात ती घाईने वाढवत नाहीत) आणि काही आठवड्यांत त्याचं दूध ओढणं बदललं. छिद्र होतं तेवढंच होतं, ऑपरेशनही ठरलेलंच झालं. पण टेबलवर गेलं ते वेगळंच बाळ होतं.

म्हणून जन्माच्या वेळी टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉईडची चाचणी नॉर्मल होती एवढ्यावर निश्चिंत राहू नका. डाऊन सिंड्रोममध्ये हा दोष नंतरही उगवतो. पहिल्या वर्षात तो पुन्हा पुन्हा तपासायचा असतो, आणि तुमच्या मुलीसारखं वजन अडलं असेल तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता.

आता पहिला महिना छान का गेला ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. हृदयाच्या मधोमध, जिथे चारही कप्पे एकमेकांना भेटतात, तिथला पडदा तुमच्या मुलीत तयारच झालेला नाही. वरच्या दोन कप्प्यांत छिद्र, खालच्या दोन कप्प्यांत छिद्र, आणि दोन स्वतंत्र झडपांच्या जागी एकच सामाईक झडप. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही जन्मजात दोष असतो आणि हा त्यातला अगदी ठरावीक प्रकार. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं कामच करत नसतात, त्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. जन्मानंतर त्या एका दिवसात पूर्ण सैल होत नाहीत, त्याला ६ ते ८ आठवडे लागतात. तोवर छिद्र असूनही फुफ्फुसांकडे फार रक्त जात नाही, कारण तिकडचा रस्ताच अरुंद असतो. रस्ता रुंद झाला की डावीकडचं रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून फुफ्फुसांत लोटायला लागतं. फुफ्फुसं ओलसर होतात, श्वास भरभर होतो, तेच तेच रक्त फिरवण्यात हृदय दमतं. म्हणजे तुमच्याकडून काही चुकलं, दूध बदललं, थंडी लागली, असं काही झालेलं नाही. दुसऱ्या महिन्यात हे व्हायचंच होतं.

उलटा प्रकार मात्र लक्षात ठेवा, तो जास्त फसवा आहे. काही बाळांत हा रस्ता रुंद होतच नाही. ती धापत नाहीत, घामेजत नाहीत, वजनही बरं वाढतं, आणि घरचे म्हणतात की आता सुधारली, ऑपरेशन पुढे ढकलू. खरं तर तिथे फुफ्फुसांच्या वाहिन्या आवळलेल्याच राहिलेल्या असतात आणि दाबाखाली हळूहळू जाड व्हायला लागलेल्या असतात. एका मर्यादेपलीकडे ते परत फिरत नाही. मग छिद्र बंद करणंच धोक्याचं होऊन बसतं. डाऊन सिंड्रोमच्या बाळांत ही वेळ इतरांपेक्षा लवकर येते, म्हणूनच या ऑपरेशनसाठी साधारण ३ ते ६ महिन्यांचा काळ धरतात. फार आधी केलं तर झडपेचं पान फार नाजूक असतं, टाके धरत नाहीत. फार उशीर केला तर फुफ्फुसं हातची जातात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला चौथा महिना या हिशोबात बसतो. साधी सर्दी किंवा घरातलं कार्य यासाठी तारीख बदलायची झाली तर ‘किती पुढे गेलं तर चालेल’ हे विचारूनच बदला.

दुधाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुढचे दोन महिने तुमची सगळी लढाई तिथेच आहे.

साधारण तान्ह्या बाळाला दिवसाला किलोमागे १०० ते १२० कॅलरी पुरतात. तुमच्या मुलीला १३०-१५० लागू शकतात, कारण नुसता श्वास घ्यायलाच ती जास्त खर्च करते. आणि खर्च जास्त असतानाच तिची कमाईची ताकद कमी. स्तनाला किंवा बाटलीला लागलेल्या बाळाकडे नीट बघा. पहिली पाच मिनिटं ती जोरात ओढते, मग दोन घोट आणि थांबा, दोन घोट आणि थांबा, नाकपुड्या फुलतात, वरच्या ओठावर आणि कपाळावर घामाचे थेंब दिसतात, आणि पोट अर्धं असतानाच डोळे मिटतात. घरात सगळे म्हणतात, पोट भरलं, झोपली. ती भरलेली नसते, दमलेली असते. तासाभरात पुन्हा रडते ते त्यामुळेच.

म्हणून एका वेळचं दूध २०-३० मिनिटांत आटपायचं. त्यापुढे जेवढं पोटात जातं त्याहून जास्त ते ओढण्यातच जळतं. थोडं थोडं, जास्त वेळा, डोकं वर ठेवून, मध्ये ढेकर काढून. अंगावरचं दूध चालू ठेवा. काही वेळचं दूध काढून दिलं की किती गेलं ते मोजता येतं, आणि त्यात कॅलरी वाढवणारी पावडर घालता येते. ती किती घालायची हे मात्र आहारतज्ज्ञ ग्रॅममध्ये सांगतील तेवढंच. अंदाजाने घट्ट केलेलं दूध आतड्याला आणि मूत्रपिंडाला जड जातं. आणि धाप लागते म्हणून पाणी घालून दूध पातळ तर कधीच करू नका.

नाकातून पोटात घालायची नळी सुचवली तर दचकू नका. मला माहीत आहे, नळी लावलेलं बाळ बघवत नाही. कित्येक आयांना ती आपली हार वाटते. पण तोंडाने जमेल तेवढं आणि उरलेलं नळीने, असं सहा आठवडे केलं तर ऑपरेशनला जाताना बाळाच्या अंगावर जे मांस असतं ते ऑपरेशननंतरच्या पहिल्या चार दिवसांत उपयोगी पडतं. एकच काळजी घ्या. नळीने दूध जात असताना तिच्या ओठांवर दुधाचा थेंब लावा, चोखणी द्या, मांडीवर घ्या. तोंड आणि पोट भरणं यांचा संबंध तुटला की नंतर नळी काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.

वजन रोज करण्याची गरज नाही, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच. पण कराल तेव्हा एकाच काट्यावर, लंगोट काढून, सकाळच्या दुधाआधी. दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ ही या वयातली अपेक्षा. तुमची १० दिवसांत १०० म्हणजे दिवसाला १० ग्रॅम, हे कमी आहे. डाऊन सिंड्रोमच्या बाळांसाठी वाढीचे वेगळे तक्ते असतात हे खरं, पण ‘अशी बाळं बारीकच असतात’ म्हणून ही आकडेवारी कोणी गुंडाळून ठेवत असेल तर ऐकू नका. उलट एका रात्रीत दीडशे ग्रॅम वाढलं आणि पापण्या सुजल्या, तर ते बाळसं नाही, अंगात साठलेलं पाणी आहे. लगेच कळवा.

आता ज्यासाठी हे शीर्षक दिलं ते. दूध न पिण्याची कारणं बाळ स्वतःच्या भाषेत वेगवेगळी सांगतं. जोरात सुरुवात करून धापत, घामेजत दमणं, हे हृदयाचं. सुरुवातच मंद, सतत सुस्त, बद्धकोष्ठ, कातडी थंड आणि कोरडी, हे थायरॉईडचं असू शकतं. दूध घेताना पाठ धनुष्यासारखी ताणून रडणं आणि नंतर उलटी, हे पोटातलं दूध वर येण्याचं. पिताना ठसका, नंतर घशात घरघर, आणि महिन्यात दोनदा छातीत कफ, म्हणजे दूध श्वासनलिकेत जात असावं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असल्यामुळे हे पुष्कळदा दिसतं आणि ते चुपचापही होतं, ठसका न लागता. दूध नाकातून येणं म्हणजे टाळू नीट बघायला हवी, अगदी वरून अखंड दिसत असली तरी. जन्मानंतर पहिली शी दोन दिवस झाली नव्हती आणि पोट सारखं फुगतं, तर आतड्याच्या शेवटच्या भागात नसा नसण्याचा आजार डोक्यात आणावा लागतो. हिरवी उलटी मात्र घरी विचार करत बसायची गोष्ट नाही, आतडं अडल्याची ती खूण असू शकते, सरळ रुग्णालयात. तुम्ही डॉक्टरांना ‘दूध पीत नाही’ एवढंच सांगितलं तर ते हृदयाकडे बघतील. कसं पीत नाही ते सांगा. फोनवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून नेलात तर त्याहून उत्तम. मी अर्धी निदानं अशा व्हिडिओंवरून सुचलेली पाहिली आहेत.

श्वास मोजायला शिका. बाळ गाढ झोपलेलं असताना झबलं वर करायचं, घड्याळ लावायचं आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो, उत्तर चुकतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, त्यानंतर वर्षापर्यंत ५०, ही सर्वसाधारण सीमा. पण हृदयाच्या बाळाला तिची स्वतःची पातळी असते. ती रोज रात्री ५२-५५ असेल आणि आज ६८ असेल, तर काहीतरी बदललं आहे. म्हणून आकडा लिहून ठेवा, आठवणीवर भिस्त नको.

घरी ऑक्सिमीटर ठेवायचा का, हा पुढचा प्रश्न येतोच. ठेवायचाच तर तान्ह्या बाळाच्या पायाला लावायचा वेगळा येतो, मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा तिच्यावर वाटेल तो आकडा दाखवेल. आणि घेण्याआधी डॉक्टरांकडून दोन आकडे लिहून घ्या: तिचा नेहमीचा किती आणि किती खाली गेला तर निघायचं. आकडा कमी दिसला म्हणून आपल्या मनाने ऑक्सिजन लावत बसू नका. हे पुष्कळांना उलटं वाटतं, पण ऑक्सिजन फुफ्फुसांच्या वाहिन्या आणखी सैल करतो, म्हणजे छिद्रातून तिकडे आणखी रक्त लोटतं. तिच्या आजारात ऑक्सिजन हे औषध आहे, हवा नव्हे. इमर्जन्सीत डॉक्टर देतील तेव्हा अर्थातच अडवायचं नाही.

वाट न बघता निघायच्या वेळा: छातीच्या बरगड्या आत ओढल्या जाताहेत किंवा श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय, सलग दोन वेळा दूध घेतलं नाही, रंग राखाडी, हातपाय गार आणि घामेजलेले, जीभ निळी (ओठांभोवतीचा निळसरपणा थंडीनेही येतो, जीभ फसवत नाही), सहा-आठ तास लंगोट कोरडा, उठवूनही जागी होत नाही. आणि तीन महिन्यांच्या आत ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर हृदय असो नसो, त्याच दिवशी दाखवायचं.

औषधांत सर्वांत मोठा धोका मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्या घोळाचा. तिला बहुधा फ्युरोसेमाइड, कदाचित स्पायरोनोलॅक्टोन (ही दोन्ही लघवीची औषधं) किंवा हृदयावरचा ताण कमी करणारं एनालाप्रिलसारखं काही चालू असेल किंवा होईल. ही औषधं बाळासाठी पातळ करून मिळतात आणि दुकान किंवा कंपनी बदलली की एका मिलिलिटरमधली ताकद बदलू शकते. ‘रोज एक एमएल’ हे पाठ करू नका. मिलिग्रॅम पाठ करा आणि नवी बाटली आली की लेबल वाचा. चमचा नको, सिरिंजच. औषध दिल्यावर उलटी झाली तर पुन्हा द्यायचं की नाही हे प्रत्येक औषधासाठी आधीच विचारून ठेवा. डिगॉक्सिन (हृदयाचं आणखी एक औषध) असेल तर परत द्यायचं नाही आणि चुकलेला डोस पुढच्यात मिसळायचा नाही. जुलाब-उलट्या लागल्या असताना लघवीची औषधं तशीच चालू ठेवली तर बाळ झपाट्याने कोरडं पडतं, त्या दिवशी पुढच्या डोसआधी फोन. आणि सर्दीची दुकानातून मिळणारी औषधं नकोत, त्यातली काही हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतात.

लसी थांबवायच्या नाहीत. हृदयाचा आजार हे लस टाळण्याचं कारण नाही, वेळेवर देण्याचं कारण आहे. डांग्या खोकला किंवा न्यूमोनिया निरोगी बाळाला आठवडाभर झोपवतो, तिला व्हेंटिलेटरवर नेऊ शकतो. आरएसव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग तर या बाळांचा खास शत्रू. त्याच्यासाठी बाळाला लस नव्हे, पण तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन असतं: पॅलिव्हिझुमॅब हंगामात दर महिन्याला द्यावं लागतं, निर्सेव्हिमॅब एका हंगामासाठी एकदाच पुरतं. तिला ते मिळू शकेल का, हे विचारा. बायपास मशीनवर (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) ऑपरेशन झालं की अंगातली ही अँटिबॉडी कमी होते, म्हणून नंतर पुन्हा द्यावी लागू शकते. हे विचारायचं राहून जातं. ऑपरेशनच्या अगदी आदल्या दोन-तीन दिवसांत लस नको, एवढंच, कारण लसीचा ताप आणि संसर्गाचा ताप वेगळा ओळखता येत नाही आणि तारीख जाते. ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा दिला गेला तर गोवराच्या लसीसाठी काही महिने थांबावं लागतं. काय आणि कधी दिलं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. सहा महिन्यांनंतर तिला फ्लूची लस, आणि घरातल्या मोठ्यांना आजच. खोकणाऱ्या पाहुण्याला दारातून परत पाठवताना ओशाळू नका. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने ती घराबाहेर नव्हे, बंदच करायची.

बाकी तपासण्या. रक्ताची पूर्ण गणना झाली आहे ना पाहा. डाऊन सिंड्रोमच्या साधारण दहातल्या एका नवजात बाळात पांढऱ्या पेशींचा तात्पुरता पण लक्ष ठेवावा लागणारा विकार असतो. डोळ्यांत जन्मजात मोतीबिंदू नाही हे पक्कं व्हायला हवं. कानाची चाचणी नापास झाली असेल तर पुन्हा करायची असते, आणि ती भुलीखाली करावी लागणार असेल तर हृदयाच्या टीमला विचारा की एकाच भुलीत दोन कामं बसतात का. झोपेत घोरणं, श्वास मध्येच थांबणं हेही सांगा: झोपेत ऑक्सिजन घसरत राहिला तर फुफ्फुसांचा दाब वाढतो, म्हणजे घशाचा प्रश्न हृदयाचा होतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना डाऊन सिंड्रोम आहे हे माहीत असेलच, तरी मान सैल असते आणि श्वासनलिका अरुंद असू शकते हे तुम्ही बोललात तर कोणी रागावणार नाही.

वेगळं निदान असलेले पालकही हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. हृदयासोबत काय काय तपासायचं हे दोष कोणता यावर ठरतं. फॅलोची टेट्रालॉजी (चार दोष एकत्र असलेला, बाळ निळं पडू शकतं असा हृदयविकार) किंवा महाधमनीच्या कमानीचा दोष असेल तर २२क्यू११ ही गुणसूत्रातली उणीव शोधतात, कारण तिच्यासोबत कॅल्शियम कमी, टाळूचा दोष आणि प्रतिकारशक्ती कमजोर असू शकते. अशा बाळाला रक्त द्यायचं तर ते किरणोत्सर्ग दिलेलं लागतं आणि जिवंत लसींआधी प्रतिकारशक्ती तपासावी लागते. हृदय आणि पोटातले अवयव उजवे-डावे उलटसुलट असतील तर प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) आहे का ते बघतात; नसेल तर रोजचं पेनिसिलिन आणि प्रत्येक तापाला धाव. निळ्या बाळांमध्ये (ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो) हिमोग्लोबिन १२ आलं की सगळे ‘नॉर्मल’ म्हणतात. त्यांच्यासाठी ते कमीच असतं, लोह बघायला हवं. आणि टेट्रालॉजीचं बाळ अचानक निळं पडून कळवळून रडायला लागलं तर गुडघे छातीशी दुमडून छातीशी धरा, शांत करा, मदत बोलवा. एकच निलय (हृदयाचा खालचा, रक्त ढकलणारा कप्पा) असलेल्या बाळांच्या दोन ऑपरेशनांमधला काळ सर्वांत नाजूक. अमेरिकेत मिलवॉकीच्या बालरुग्णालयाने २००० साली अशा पालकांच्या हाती वजनकाटा आणि ऑक्सिमीटर देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. एका दिवसात ३० ग्रॅम घट, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमसुद्धा वाढ नाही, की फोन. एवढ्या साध्या गोष्टीने त्या मधल्या काळातले मृत्यू ठळकपणे कमी झाले. मी वजनाचा एवढा घोष लावते तो त्यामुळे.

पाच डॉक्टरांपैकी कोणाचं ऐकायचं? प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या अवयवापुरतं, आणि सगळ्यांची मोट बांधणारा एक नेमून घ्यायचा. तो बहुतेक तुमचा बालरोगतज्ज्ञ असावा, मी नव्हे. तोंडाने विचारा: ‘सगळे रिपोर्ट एकत्र कोण बघणार?’ उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मग एक कागद तयार करा, एकच पान. वर निदान डॉक्टरांच्या शब्दांत, नेहमीचा ऑक्सिजन आणि श्वासाचा आकडा, आजचं वजन तारखेसह, औषधं मिलिग्रॅममध्ये, ऑपरेशनची अंदाजे तारीख, रात्री दोन वाजता फोन करायचा नंबर, आणि तळाशी एक ओळ: ‘ऑक्सिजन व सलाईन देण्याआधी हृदयाच्या टीमशी बोलावे.’ त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. अनोळखी इमर्जन्सी विभागात या कागदाने तुमची वीस मिनिटं वाचतील.

ऑपरेशननंतरचं सविस्तर तेव्हा विचारा. आत्ता एवढंच: छातीचं हाड जुळेपर्यंत काही आठवडे काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली, एक कुल्ल्यांखाली. रडण्याचा आवाज बसला असेल किंवा पिताना नव्याने ठसका लागत असेल तर ते सांगा, स्वरयंत्राची नस दुखावलेली असू शकते. घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, उलट्या, चिडचिड सुरू झाली तर हृदयाभोवती पाणी आहे का हे एको (हृदयाची सोनोग्राफी) करून बघतात. दुरुस्त केलेली झडप थोडी गळू शकते, म्हणून तपासणी वर्षानुवर्षं चालू राहते. ठिगळ लावलेलं असतं म्हणून पहिले सहा महिने दातांचं किंवा हिरड्यांचं काही करायचं तर आधी अँटिबायोटिक लागतं. आणि फिजिओथेरपी ऑपरेशननंतर सुरू करू, असं करू नका. मान धरणं, हात मध्यावर आणणं, तुमच्या चेहऱ्याकडे बघणं यासाठी छिद्र बंद व्हायची वाट बघावी लागत नाही. दमत नाही तोवर, दिवसातून दोन-चार मिनिटं, तुमच्या छातीवर पालथी घेऊन.

दोघांपैकी एकाने रात्री सलग पाच तास झोपायचं, आळीपाळीने. ही सूचना औषधांइतकीच गंभीरपणे देते आहे, कारण सिरिंजमधला आकडा चुकतो तो झोप न झालेल्या माणसाकडून.

आता उद्या सकाळचं काम. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. हृदयाच्या डॉक्टरांच्या विभागात फोन करून असं सांगा: ‘७ आठवड्यांचं बाळ, कम्प्लीट एव्हीएसडी, डाऊन सिंड्रोम. १० दिवसांत फक्त १०० ग्रॅम वाढ, दूध पिताना घाम येतो आणि मध्येच झोपते. झोपेतला श्वास मिनिटाला अमुक.’ तो आकडा आज रात्री मोजून ठेवा. मग तीन गोष्टी मागा: औषधांचा फेरविचार, आहारतज्ज्ञांची भेट आणि टीएसएच. आठवड्याने पुन्हा वजन करा, आणि दिवसाची वाढ १५ ग्रॅमच्या वर गेली नसेल तर नळीचा विषय तुम्हीच काढा.